नवाबाचे एकवचन

"लई नवाब लागून गेलास का रे?" हे वाक्य ज्याने कधीच ऐकले नाही असा मुलगा मराठवाड्यात सापडणे कठीण. जेवून ताट तसेच ठेवणारा, पाण्याचा तांब्याही दुसऱ्याला आणायला लावणारा, दुकानाची साफसफाई सांगितली की पोट दुखणारा, तो नवाब. हिंदूच्या घरात नवाब, मुसलमानाच्या घरातही नवाब. जुन्या मराठीत त्याचा 'नबाब' झाला आणि त्याच्या राहणीला 'नबाबी थाट' म्हटले जाऊ लागले. आपल्या बोलीत नवाब म्हणजे स्वतः काही न करता दुसऱ्याकडून करवून घेणारा माणूस.

शब्दाचा मूळ अर्थ याच्या नेमका उलटा आहे.

अरबीत 'नायब' हा शब्द आहे. नायब म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा राहून काम करणारा, प्रतिनिधी. या नायबचे अनेकवचन 'नुव्वाब'. हा नुव्वाब फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि 'नवाब' झाला. म्हणजे नवाबाचे एकवचन शोधायला लखनौला किंवा हैदराबादला जायची गरज नाही. ते धाराशिवच्या तहसील कार्यालयात मिळते. तिथल्या दारावरच्या पाटीवर 'नायब तहसीलदार' असे लिहिलेले असते. आपल्या सैन्यातही 'नायब सुभेदार' हा हुद्दा आजही आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आपण ज्यांच्या टेबलासमोर रांग लावतो ते साहेब आणि इतिहासातले नवाब हे शब्दाच्या नात्याने सख्खे भाऊ आहेत.

मग एका माणसाला अनेकवचन का? हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. 'आबा आले', 'गुरुजी गेले' असे आपण रोज म्हणतो. माणूस एक, क्रियापद अनेकवचनी. व्याकरणात याला आपण आदरार्थी अनेकवचन म्हणतो आणि मी वर्गात ते दरवर्षी शिकवतो. नवाब हे तसेच आदरार्थी अनेकवचन. एका नायबाला मान द्यायचा म्हणून त्याला 'नायब मंडळी' म्हटले गेले. पुढे 'मंडळी' विसरली गेली, नायबही विसरला गेला, नुसता मान उरला.

असे एकट्या नवाबाचेच झाले असेही नाही. आपण 'अमीर-उमराव' असा जोडशब्द वापरतो. अमीर म्हणजे हुकूम देणारा, सरदार. उमराव हा त्याच अमीरचे अनेकवचन असलेल्या 'उमरा' या शब्दातून आला. मराठीत मात्र 'एक उमराव' सुद्धा होतो. 'अखबार' हे खबरचे अनेकवचन, 'अहवाल' हे हालचे, 'अवलाद' हे वलदचे. तिन्ही आपण एकवचनात वापरतो आणि काही बिघडत नाही. भाषा अशीच चालते. 'अशराफ' या शब्दाचीही तीच जात. शरीफ म्हणजे सज्जन, प्रतिष्ठित. त्याचे अनेकवचन अशराफ. या शब्दाकडे पुढे परत यावे लागेल, कारण तिथे मात्र बरेच काही बिघडले आहे.

नायब ज्या अरबी धातूपासून बनला त्याचा अर्थ आहे एकामागून एक येणे, पाळी येणे. त्याच धातूतून 'नौबत' आला. ठरलेल्या वेळी, पाळीपाळीने वाजवायचा तो नगारा म्हणजे नौबत. 'आता काय नौबत आली' असे म्हणतो तेव्हा त्यातही 'वेळ आली' हाच अर्थ असतो. शिवाजी महाराजांच्या सैन्यातले 'सरनोबत' हे पदही याच कुळातले. नेताजी पालकर सरनोबत होते हे चौथीचा विद्यार्थीही सांगतो. नवाब, नायब, नौबत, सरनोबत ही एकाच घरातली माणसे आणि घराचे नाव 'पाळी'. आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना हा अर्थ चटकन कळेल. तुळजापूरला देवीच्या पुजाऱ्यांमध्ये 'पाळीकर' आहेतच. पाळी म्हणजे काय, तर आज सेवा माझ्याकडे आहे, उद्या दुसऱ्याकडे जाईल. जागा माझी नाही, काम माझे आहे.

नवाब या शब्दाच्या पोटात हीच गोष्ट होती. मुघल बादशहाच्या वतीने सुभ्याचा कारभार पाहणारा तो त्याचा प्रतिनिधी. नेमणूक बादशहा करणार, बदली बादशहा करणार, हिशेब बादशहाला द्यावा लागणार. पण दिल्ली दुबळी झाली आणि अठराव्या शतकात बंगाल, अवध, अर्काट अशा ठिकाणी पाळीचे रूपांतर वारशात झाले. बापाची नेमणूक मुलाची मालमत्ता बनली. आपल्या भागाची गोष्ट तीच आहे. मीर कमरुद्दीन खान निजाम-उल-मुल्क हे दख्खनचे सुभेदार. १७२४ साली बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या लढाईत त्यांनी मुबारिजखानाचा पराभव केला आणि त्यानंतर दख्खन त्यांच्या घराण्याकडेच राहिले. तरी शब्दाची लाज किती होती पाहा. हैदराबादच्या नाण्यांवर मुघल बादशहाचे नाव १८५७ च्या उठावाच्या काळापर्यंत चालू होते. राज्य स्वतःचे, पण कागदोपत्री आम्ही नायबच.

पुढे तीही लाज संपली. हैदराबाद दरबारात किताबांची उतरंडच होती: जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह. एकेक पायरी चढायची आणि नावामागे शेपूट वाढवायचे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून धाराशिव हे उस्मानाबाद झाले. त्यांच्या नावातला 'मीर' म्हणजे अमीरचेच आखूड रूप. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे पुन्हा धाराशिव झाले. या नावाच्या वादात मला आज पडायचे नाही. एवढेच म्हणायचे आहे की नाव बदलले तरी किताबांची हौस जिल्ह्यातून गेलेली नाही.

खरे तर कायद्याने ती केव्हाच संपवली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १९४९ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या रद्द झाल्या. संविधानाच्या कलम १८ ने किताब रद्द केले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. मुरुड-जंजिऱ्याचे असोत की हैदराबादचे, नवाब आता फक्त वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या माहितीत उरले. गंमत अशी की अरबी देशांत हा शब्द मूळ अर्थाने धडधाकट जगतो आहे. इजिप्तच्या आणि जॉर्डनच्या संसदेतल्या निवडून येणाऱ्या सभागृहाला 'मजलिस अन-नुव्वाब' म्हणतात. म्हणजे प्रतिनिधींचे सभागृह. तिथे नुव्वाब लोक मत मागायला येतात. इकडे इंग्रजांनी मात्र आपल्याकडचा बिघडलेला अर्थ उचलला. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी करून, इथे गब्बर होऊन मायदेशी परतणाऱ्यांना त्यांचेच लोक 'नेबॉब' म्हणून हिणवू लागले. एकच शब्द कैरोत लोकप्रतिनिधी, लंडनमध्ये लुटारू आणि आपल्या स्वयंपाकघरात आळशी पोरगा.

मोठेपणाचे शब्द वर-खाली कसे जातात याचा सगळ्यात बोलका दाखला 'मेहतर' हा आहे. फारसीत 'मिहतर' म्हणजे अधिक मोठा, वडीलधारा. हिंदुकुशच्या पायथ्याशी चित्राल नावाचे संस्थान होते. तिथल्या राजाची पदवीच मेहतर. १९६९ मध्ये पाकिस्तानने संस्थान पूर्णपणे विलीन करेपर्यंत तिथे मेहतर गादीवर होते. मराठीत म्हेतर म्हणजे एखाद्या व्यवसायातल्या लोकांचा प्रमुख. म्हेत्रे हे आडनावही त्याच शब्दाशी नाते सांगते. आणि आपल्या शहरांत मेहतर कोणाला म्हणतात? जो आपली घाण उचलतो त्याला. एका दरीत राजा, दुसऱ्या गावात सफाई करणारा. शब्द तोच आहे. मग उच्च-नीच नेमके कशात आहे? शब्दात तर नाही. तो उच्चारणाऱ्याच्या नजरेत आहे.

जन्मावर कर्तबगारी ठरत असती तर आपल्या परांड्याच्या किल्ल्याला इतिहासच उरला नसता. इ.स. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगर घेतले. निजामशाही संपली असे सगळ्यांनी धरले. तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवले आणि परांडा ही काही काळ निजामशाहीची राजधानी झाली. हा मलिक अंबर कोण? इथिओपियातला एक मुलगा. बाजारात विकला गेला, हातोहात फिरला आणि शेवटी अहमदनगरचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. तो चंगीझखान स्वतःही एके काळी गुलामच होता. विकत घेतलेला हा माणूस पुढे स्वतः पेशवा झाला. १६२६ मध्ये मरेपर्यंत त्याने मुघलांना दख्खनमध्ये सुखाने बसू दिले नाही. जमीनमहसुलाची त्याने लावलेली घडी त्याच्यानंतरही लोकांच्या लक्षात राहिली. त्याने वसवलेले खडकी गाव म्हणजेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याचे खानदान विचारायची कोणाची हिंमत झाली असेल का? 'पेशवा' या फारसी शब्दाचा अर्थ पुढे चालणारा. कोणाच्या पोटी जन्मला हे त्या शब्दात नाही.

आता आपल्या घरात येऊ.

लग्नाचे बायोडाटे माझ्याकडे दुरुस्तीला येतात. उर्दू-मराठी दोन्ही लिहिता येते म्हणून शेजारी-पाजारी हक्काने आणून देतात. त्यात एक ओळ हमखास असते: 'घराणे खानदानी, अशराफ'. कधी तोंडी सूचना असते, "सर, सय्यद-पठाणच पाहिजेत असं सरळ नका लिहू, पण समजेल असं लिहा." मुलगी डी.एड. झालेली, मुलगा पाणीपुरवठा खात्यात, दोन्ही घरे पाचवक्त नमाजी, आणि लग्न मोडते कशावर? तर त्यांचे आजोबा कापूस पिंजायचे. मिंबरवरून आपण ऐकतो की माणसाचा मोठेपणा त्याच्या परहेजगारीत आहे, टोळीत आणि वंशात नाही. ऐकताना मान डोलावतो. मशिदीच्या पायऱ्या उतरून चप्पल घातली की वंश पुन्हा अंगात येतो.

जे आजोबा कापूस पिंजायचे त्यांच्या आडनावाकडे बघा. 'नदाफ' हा अस्सल अरबी शब्द आहे, नद्दाफ, म्हणजे कापूस पिंजणारा. 'आतार' हाही अरबी, अत्तार, सुगंध विकणारा. 'शिकलगार' म्हणजे हत्याराला सैकल, म्हणजे झिलई देणारा. 'बागवान' बाग राखणारा. यातला एकही शब्द हलका नाही. प्रत्येक शब्द माणूस काय काम करतो ते सांगतो. 'नायब' काय सांगतो? तोही कामच सांगतो. शब्दांच्या दरबारात नद्दाफ आणि नायब एकाच सतरंजीवर बसतात. एक कापूस पिंजतो, एक दुसऱ्याच्या वतीने कारभार बघतो. फरक इतकाच की कापूस पिंजणाऱ्याने आपले काम कधी वारसाहक्काची गादी म्हणून मिरवले नाही.

या खोट्या मोठेपणाची किंमत काय, ते शाळेच्या कार्यालयात बसल्यावर कळते. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत बागवान, पिंजारी-नदाफ, तांबोळी, मणियार, मोमीन, आतार असे अनेक मुस्लिम समाज आहेत. हा हक्क धर्माच्या नावाने मिळालेला नाही, व्यवसायातून आलेल्या मागासलेपणावर मिळालेला आहे. पण दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मग मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर धावत येते आणि आजोबांचा प्रवेश निर्गम उतारा शोधायला सुरुवात होते. उतारा सापडतो. जातीच्या रकान्यात लिहिलेले असते 'मुसलमान'. नाहीतर 'शेख'. बस्स. अर्ज तिथेच अडकतो. प्रांत कार्यालय, मग जात पडताळणी, मग त्रुटीचे पत्र, मग पुन्हा चकरा. तोपर्यंत प्रवेशाची मुदत संपून जाते आणि नर्सिंगची किंवा इंजिनिअरिंगची जागा हातची निघून जाते.

त्या रकान्यात तसे का लिहिले गेले? कधी लिहिणाऱ्या गुरुजींनी विचारलेच नाही. मुसलमान म्हटले की त्यांच्या लेखी विषय संपला. शिक्षक म्हणून हा दोष आमच्या पेशाच्या पदरात आहेच. पण अनेकदा घरच्यांनीच सांगितले, "शेख लिहा, बाकी नको." कापूस, भाजीपाला, बांगड्या यांची लाज वाटली. पन्नास-साठ वर्षांपूर्वी आजोबांनी एका शब्दापुरती नवाबी केली आणि आज नात नायब तहसीलदारांच्या टेबलासमोर पुराव्याविना उभी आहे. अनेकवचनाचा मान मिरवला, एकवचनाने कागद मागितला.

हे फक्त मुसलमानांचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हा सगळ्या जिल्ह्यांत उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज भासली. जुन्या दप्तरातली पिवळी पाने उलटून एकच शब्द शोधायचा होता. ज्याच्या पणजोबाच्या नावापुढे 'कुणबी' सापडले त्याचे भाग्य उघडले. ज्याच्या पणजोबाने पाटीलकीच्या ऐटीत वेगळे काही लिहून घेतले तो हात चोळत बसला. त्या दिवसांत मराठवाड्याला एक धडा मिळाला. दप्तरातला शब्द माणसापेक्षा जास्त जगतो. कष्टाचे नाव लिहिलेले कधी वाया जात नाही, मोठेपणाचे नाव मात्र ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

यावर काही मित्र म्हणतात, "सर, इस्लाममध्ये जात नाही. मग शाळेच्या अर्जात बिरादरी लिहायची कशाला? हे तर जात पक्की करणे झाले." प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. धर्मात जात नाही, हे मान्यच. समाजात आहे की नाही, हे आपल्या बायोडाट्यांना विचारा. जे लोक प्रवेशअर्ज भरताना 'आमच्यात जात नसते' म्हणतात, त्यातल्या बऱ्याच जणांना सोयरीक जुळवताना बिरादरी अचूक आठवते. हे उलटे व्हायला हवे. सोयरीक करताना बिरादरी विसरा, अर्ज भरताना लक्षात ठेवा. सोयरिकीत ती भिंत बनते. अर्जात ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या मागे राहण्याची नोंद बनते आणि त्या नोंदीवर आपल्या मुलांचा हक्क उभा आहे. ज्या दिवशी मागासलेपण जाईल त्या दिवशी तो रकाना आपण आनंदाने कोरा सोडू.

मुलांची नावे नवाब, सरदार, अमीर, बादशहा ठेवायला माझा काडीचा विरोध नाही. हजेरीपटावर ही नावे वाचताना मला आनंदच होतो. ज्यांच्या घरात फळाचा गाडा आहे, ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात, अशी ही मुले. त्यांच्या आईबापांनी लेकराला कोणीतरी मोठा हो म्हणून नाव दिले, त्यात वंशाचा दावा नाही, इच्छा आहे. अशा मुलाला मी नावाचा अर्थ जरूर सांगतो. नवाब म्हणजे दुसऱ्यासाठी उभा राहणारा. वर्गात मॉनिटर गैरहजर असला की त्याच्या जागी जो उभा राहतो तो त्या दिवसाचा नायब. पोरांना हे लगेच पटते, कारण पाळी काय असते हे त्यांना मोठ्यांपेक्षा नीट कळते.

जून महिन्यात शाळांचे प्रवेश सुरू होतील. माझी विनंती पालकांना आहे आणि माझ्या शिक्षक बांधवांनाही. अर्जातला जातीचा रकाना 'मुसलमान' एवढ्यावर सोडू नका. पालकांनी आपल्या बिरादरीचे नाव नीट सांगावे, शिक्षकांनी ते विचारून, अक्षर न अक्षर बरोबर लिहावे. घरात आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, खरेदीखत, जुना महसुली कागद असेल तर त्याच्या प्रती काढून ठेवा. उर्दूत असेल तर गावातल्या उर्दू शिक्षकाकडून वाचून घ्या, तो नाही म्हणणार नाही. आणि लग्नाच्या बायोडाट्यातली 'खानदानी' ही एक ओळ तेवढी काढून टाका. तिच्या जागी मुलगा काय काम करतो आणि मुलगी काय शिकली आहे ते दोन ओळी जास्त लिहा.